फुटलेली टिकली आणि परवडणारा प्रिझम

रायफलवर लावायची पहिली दुर्बीण म्हणून अमेरिकेत आज बहुतेक जण रेड डॉट घेतात. छोटीशी काच, तिच्यात एक लाल ठिपका. ठिपका निशाणावर टेकवायचा आणि चाप ओढायचा. जाहिरातीत तो डाळिंबाच्या दाण्यासारखा रेखीव दिसतो. चांदमारीवर जाऊन डोळा लावला की मात्र कित्येकांना तिथे घामाने पसरलेली कुंकवाची टिकली दिसते. कुणाला धूमकेतू दिसतो, कुणाला द्राक्षांचा घड, कुणाला स्वल्पविराम. मग दुकानात परत जायचे, ‘पीस खराब आहे’ म्हणून बदलून आणायचा, दुसऱ्यातही तेच दिसायचे. शेवटी ‘स्वस्तातलं असंच असायचं’ असे म्हणत दुप्पट पैसे मोजून तिसरा घ्यायचा, आणि टिकली तिथेही फुटलेलीच.

दोष बहुतेक वेळा ठिपक्यात नसतो, बुबुळात असतो. चष्म्याच्या चिठ्ठीवर ‘सिल’ (म्हणजे सिलिंडर) असे लिहिलेल्या रकान्यात आकडा असेल, तर त्या माणसाच्या डोळ्याचा पुढचा पडदा सगळ्या दिशांना सारखा गोल नाही. वाचताना, गाडी चालवताना हे फारसे जाणवत नाही, कारण मेंदू सांभाळून घेतो. पण अंधुक पार्श्वभूमीवरचा एक तेजस्वी बिंदू अशा डोळ्याला सांभाळता येत नाही. रात्री समोरून येणाऱ्या गाड्यांचे दिवे ज्यांना लांब पसरलेले दिसतात, त्यांना हे पटकन उमगेल.

खातरजमा करायला पैसे लागत नाहीत. रिकाम्या रायफलवरचा, किंवा नुसता हातात धरलेला, रेड डॉट हळूहळू गोल फिरवावा. ठिपक्याची शेपटी त्याच्याबरोबर फिरली तर दोष यंत्राचा. यंत्र फिरले आणि शेपटी जागच्या जागी राहिली तर दोष डोळ्याचा. दुसरा उपाय मोबाइलचा. कॅमेरा काचेमागे धरून फोटो काढावा. फोटोत ठिपका गोल आणि डोळ्याला फुटलेला, म्हणजे दुकानदाराशी भांडण्यात अर्थ नाही.

प्रिझम स्कोपाकडे वळणाऱ्यांत अशी मंडळी बरीच असतात. ज्यांचे डोळे ठणठणीत आहेत त्यांनाही तो घ्यायला कारणे आहेत, पण ती पुढे.

प्रिझम म्हणजे काय, हे कळले की निम्मी खरेदी झाली. दोन बहिर्गोल भिंगे एकापुढे एक ठेवून दुर्बीण करण्याची कल्पना केप्लरने १६११ साली मांडली, पण तिच्यातून सगळे उलटे दिसते. ताऱ्यांना उलटे-सुलटे चालते, निशाणाला चालत नाही. नेहमीच्या लांब रायफल स्कोपात ही प्रतिमा सुलटी करायला मधल्या नळीत आणखी भिंगे बसवलेली असतात, आणि त्यामुळे तो स्कोप हातभर नाही तरी वीतभराहून लांब होतो. दुसरा मार्ग काचेच्या त्रिकोणी ठोकळ्याचा. प्रकाश त्याच्यात शिरतो, आतल्या पृष्ठभागांवर आपटत वळणे घेतो आणि सुलटा होऊन बाहेर पडतो. इटलीच्या इग्नाझियो पोरोने १८५४ साली असल्या मांडणीचे पेटंट घेतले. पक्षी बघायला नेतात त्या जाड, खांदे बाहेर आलेल्या दुर्बिणी पोरोच्या घराण्यातल्या. रायफलवरच्या स्कोपात बहुधा त्याचा चुलतभाऊ असतो, छपराच्या आकाराचा ‘रूफ प्रिझम’. प्रकाशाचा प्रवास काचेच्या आत घड्या घालून उरकल्यामुळे सगळा ऐवज मुठीत मावतो. रेड डॉटपेक्षा जड, पण १ ते ६ पट फिरवता येणाऱ्या स्कोपाच्या साधारण निम्म्या वजनाचा.

नेम धरायची खूण, म्हणजे रेटिकल, या स्कोपात काचेवर कोरलेली असते. ती कुठल्या दिव्याची प्रतिमा नसते. बॅटरी घाला वा काढा, काळी खूण जागेवरच. डोळ्याजवळच्या भिंगाला फिरणारे कडे असते, ते फिरवून प्रत्येकाने ती खूण आपल्या नजरेला स्पष्ट करून घ्यायची. इथे एक गैरसमज आधीच दूर केलेला बरा. या कड्याने जवळचा-लांबचा नंबर भरून निघतो, सिलिंडरचा निघत नाही. तरीही कोरलेली काळी रेघ वाकड्या बुबुळालाही बरीच नीट दिसते, कारण ती लखलखणारा बिंदू नसते. सिलिंडरचा आकडा मोठा असेल तर चष्मा लावूनच नेम धरावा. आणि रेटिकलचा लाल दिवा पूर्ण वाढवला, तर प्रिझममध्येही थोडी टिकली पसरते.

या जातीचा सगळ्यांत गाजलेला नमुना ट्रिजिकॉन कंपनीचा एकॉग. मूळच्या दक्षिण आफ्रिकेच्या ग्लिन बिंडन यांनी मिशिगनमध्ये ही कंपनी उभी केली आणि १९८७ साली ४ पट आणि ३२ मिलिमीटर भिंगाचा एकॉग आणला. पुढे अमेरिकेच्या मरीन सैनिकांच्या रायफलींवर तो सर्रास दिसू लागला. त्याच्या बऱ्याच मॉडेलांच्या पाठीवर प्रकाशतंतू असतो, तो दिवसा ऊन गोळा करून रेटिकल उजळतो. रात्रीसाठी आत ट्रिटियमची कुपी. त्यांना बॅटरी लागतच नाही. २०१० साली या स्कोपाची बातमी वेगळ्याच कारणाने झाली. मॉडेलच्या क्रमांकाच्या शेपटाला कंपनी बायबलमधल्या वचनांचे संदर्भ बारीक अक्षरांत कोरत होती, आणि हे स्कोप इराक-अफगाणिस्तानात सैन्याबरोबर फिरत होते. बोभाटा झाल्यावर कंपनीने सैन्याच्या मालावर ते कोरणे थांबवले आणि असलेले काढून टाकायचे साहित्यही देऊ केले.

नवा एकॉग हजार डॉलरच्या पुढे जातो, म्हणून काही जण जुना शोधतात. घ्यायला हरकत नाही, पण बनावटीचे साल विचारावे. ट्रिटियमचे अर्धायुष्य १२.३ वर्षे. बारा वर्षांनी निम्मा उजेड, चोवीस वर्षांनी पाव. दिवसाचा प्रकाशतंतू तसाच चालतो, रात्रीचे मात्र विसरावे. आणि ‘नवाकोरा एकॉग, दोनशे डॉलर’ असे कुठे दिसले तर तो एकॉग नव्हेच. खेळण्याच्या बंदुकांसाठी काढलेल्या हुबेहूब नकला बाजारात आहेत, खोट्या शिक्क्यांसकट. खऱ्या रायफलीच्या धक्क्याने त्यांची काच आतल्या आत हलू शकते.

तर परवडणारा म्हणजे किती? शंभर-सव्वाशे डॉलरच्या आसपास मॉन्स्ट्रमसारख्या कंपन्यांचा माल मिळतो. .२२ च्या रायफलवर, रविवारी डबे पाडायला, तो पुरतो. धक्का नगण्य, अंतर थोडे. अडीचशे ते चारशे डॉलरचा पट्टा मात्र खरा बघण्यासारखा. ह्यूस्टनच्या प्रायमरी आर्म्सचे एसएलएक्स मायक्रोप्रिझम, विस्कॉन्सिनच्या व्होर्टेक्सचे स्पिटफायर, कोलोरॅडोच्या बरिसचा ३ पट एआर-३३२, स्वॉम्पफॉक्सचा ३ पट ट्रायहॉक ही मंडळी याच पट्ट्यात किंवा त्याच्या काठावर असतात आणि दिवाळीसारख्या, म्हणजे थँक्सगिव्हिंगच्या, सेलमध्ये आणखी उतरतात. या पट्ट्यातला बराचसा माल चीनमध्ये बनतो. त्याने बिचकायचे कारण नाही. तपासणी कोण करतो आणि बिघडल्यावर दार कोण उघडतो, हे महत्त्वाचे. व्होर्टेक्सची हमी आयुष्यभराची आहे, पावती मागत नाहीत आणि मालक बदलला तरी ती चालू राहते, त्यामुळे त्यांचा वापरलेला मालही निर्धास्त घेता येतो. बरिसही आपल्या हमीला ‘कायमची’ म्हणतात. शंभर डॉलरच्या पुढे वाढवलेला प्रत्येक डॉलर काचेच्या स्वच्छतेत थोडा जातो, पण खरा जातो तो शून्य, म्हणजे नेम आणि गोळी यांची जुळणी, जागेवर टिकण्यात आणि या हमीत.

कंपनीचे नाव ठरवण्याआधी पट ठरवावी. इथे बहुतेक जण हावरेपणा करतात. पाच पट म्हणजे तीन पटीपेक्षा जास्त, आणि जास्त म्हणजे चांगले, हा हिशेब. घराजवळच्या बंदिस्त चांदमारीची लांबी बहुधा २५ यार्ड असते, तिथे पाच पट म्हणजे भाजी घ्यायला ट्रक नेणे. पट बदलता येत नाही, हे प्रिझमचे मूळ लक्षण आहे. एकदा घेतली की तीच.

१ पट प्रिझम हा रेड डॉटचा बदली खेळाडू. दोन्ही डोळे उघडे, काही मोठे दिसत नाही, खूण मात्र रेखीव. टिकली फुटणाऱ्यांचा शोध इथेच संपतो. रेड डॉटइतका सढळपणा त्याच्यात नाही, डोळा अमुक एका पट्ट्यात आणावाच लागतो, पण तो पट्टा रुंद असतो. २५ ते १०० यार्डांत ज्याचे सगळे काम आहे, त्याने पुढे बघूच नये.

३ पट हा मधला मार्ग, आणि एकच स्कोप घ्यायचा तर बहुतेकांना हाच सांगावा. शंभर यार्डांवर कागदावरची भोके दिसू लागतात, दोनशेवर लोखंडी पाटी सहज सापडते, आणि जवळच्या निशाणावरही दोन्ही डोळे उघडे ठेवून काम भागते. ग्लिन बिंडन यांच्या नावाने ओळखली जाणारी एक रीत यासाठीच आहे. दोन्ही डोळे उघडे ठेवून रायफल हलत असताना मेंदू उघड्या डोळ्याचे चित्र धरतो आणि स्कोपातली उजळलेली खूण त्यावर ठेवतो, रायफल थांबली की मोठे चित्र पुढे येते. ४ पटीच्या एकॉगसाठी सांगितलेली ही युक्ती ३ पटीत जास्त लवकर जमते. पण उजळलेली खूण नसेल तर ती जमत नाही, हे लक्षात ठेवावे.

५ पट घ्यावी ती मोकळ्या रानात, दीड-दोनशे यार्डांच्या पुढे रोज काम असणाऱ्याने. टेक्सासात रानडुकरांचा सुळसुळाट इतका आहे की २०१९ पासून खासगी जमिनीवर, मालकाच्या संमतीने, त्यांना मारायला शिकारीचा परवानाही लागत नाही. तिथल्या शेतांच्या बांधावर ५ पट शोभते. मात्र डुकरे बाहेर पडतात तिन्हीसांजेला, आणि तिथे आणखी एक हिशेब आड येतो.

भिंगाच्या व्यासाला पटीने भागले की डोळ्यापर्यंत पोहोचणाऱ्या प्रकाशाच्या चकतीचा व्यास मिळतो. ३२ मिलिमीटर भागिले ४, म्हणजे ८ मिलिमीटर. ३० भागिले ३, म्हणजे १०. पण २५ मिलिमीटरचे भिंग आणि ५ पट, तर चकती अवघी ५. तरुण माणसाची बाहुली अंधारात ७ मिलिमीटरपर्यंत उघडते, साठीकडे झुकलेल्याची जेमतेम ५. म्हणजे पन्नाशीच्या शेतकऱ्याला ५ मिलिमीटरने उजेडात फारसे नुकसान नाही, पण चकती लहान असल्यामुळे डोळा नेमका तिच्यावर आणायला त्याला धडपडावे लागते, आणि संधिप्रकाशात ती धडपड दुप्पट वाटते. खोक्यावर ‘हाय डेफिनिशन’ लिहिलेले असते, ही भागाकाराची दोन आकड्यांची गोष्ट लिहिलेली नसते. ती दुकानात उभ्याउभ्या करावी.

आता या सगळ्या जातीची खरी खोड. डोळा आणि मागचे भिंग यांतले अंतर. नेहमीच्या लांब स्कोपात डोळा साडेतीन-चार इंच मागे ठेवला तरी पूर्ण चित्र दिसते. प्रिझममध्ये हे अंतर आखडते, आणि पट वाढेल तसे बहुधा आणखी आखडते. एकॉगच्या ४ पट टीए-३१ मध्ये ते दीड इंच. त्या अंतरात डोळा बसला तर शंभर यार्डांवर सुमारे ३७ फूट रुंदीचे मैदान दिसते, न बसला तर काळ्या भिंती आणि मध्ये कवडीएवढा उजेड. परवडणाऱ्या पट्ट्यातल्या नव्या मॉडेलांनी हे अंतर बरेच वाढवले आहे, अडीच इंचांच्या आसपास आणले आहे. खोक्यावरचा पहिला वाचायचा आकडा हाच. तीन इंचांजवळचा असेल तर उत्तम, दोनाच्या आतला असेल तर डोळा लावल्याशिवाय पैसे काढू नयेत.

डोळा लावणे म्हणजे काउंटरवर उभे राहून खिडकीतून रस्ता बघणे नव्हे. ज्या रायफलवर स्कोप लागणार, तिचा दस्ता ज्या लांबीवर ठेवायची सवय आहे तिथे ठेवावा. डोळे मिटावेत. रायफल खांद्याला लावून गाल दस्त्यावर नेहमीसारखा टेकवावा, मान ताणायची नाही, नाक पुढे काढायचे नाही. मग डोळे उघडावेत. पूर्ण गोल चित्र समोर असेल तर स्कोप आपला. डाव्या-उजव्या बाजूला काळी चंद्रकोर दिसली तर गाल सरकतो आहे, वर-खाली दिसली तर स्कोपाची उंची जमत नाही. चारी बाजूंनी काळे कडे दिसले तर डोळा जास्त मागे आहे, स्कोप एक-दोन खाचा मागे घेऊन पुन्हा बघावे. हे पाच वेळा करावे, सहाव्यांदा जाड कोट घालून. चष्मा असणाऱ्याने चष्म्यासह, कारण चष्म्याची काच त्या अडीच इंचातला अर्धा-पाऊण इंच खाते. आखूड अंतराचा स्कोप जोरदार धक्क्याच्या रायफलवर लावला तर भुवईवर अर्धचंद्राकृती वण उमटतो, शिकाऱ्यांत तो चेष्टेचा विषय असतो. ५.५६ मिलिमीटर काडतुसाच्या रायफलीला हे भय जवळजवळ नाही. हरणाच्या शिकारीच्या .३०-०६ वर आखूड अंतराचा प्रिझम लावणे मात्र शहाणपणाचे नाही.

दुकानातल्या बंदुकीवर काही लावून बघायला विक्रेता कुरकुर करील. अशा वेळी परतीची मुदत किती दिवसांची, हे विचारून मागवावा आणि घरी हाच प्रयोग करावा. फक्त आधी काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवावीत आणि नळीत काही नाही हे दोनदा बघावे.

त्याच वेळी मागचे कडेही जुळवून घ्यावे. पांढऱ्या भिंतीकडे स्कोप धरून दोन सेकंद बघायचे, नजर काढायची, कडे किंचित फिरवायचे, पुन्हा दोन सेकंद. टक लावून बघत राहिले की डोळा आपणच धूसर खूण स्पष्ट करून घेतो आणि फसवतो. दहा मिनिटांनी तीच खूण पुन्हा अंधुक. ‘काच भिकार आहे’ म्हणून परत पाठवलेल्या कितीतरी स्कोपांचे कडे कधी फिरवलेलेच नसते.

रेटिकलची निवड हा चवीचा भाग आहे, निदान असे म्हणायची पद्धत आहे. पण एका ठिकाणी तो चवीचा राहत नाही. मधल्या खुणेखाली ३००, ४००, ५०० अशा पायऱ्या कोरलेल्या असतात, त्या गोळी किती खाली पडते त्याचा हिशेब असतो, आणि तो हिशेब एका काडतुसाचा, एका वेगाचा, एका शून्याचा. प्रायमरी आर्म्सची एसीएसएस, एकॉगचा बाण, या ५.५६ साठी आखलेल्या पायऱ्या .२२ वर लावल्या तर त्या नुसती नक्षी. .२२ ची साधी गोळी ५० यार्डांवर शून्य केली तर १०० यार्डांवर सहा-सात इंच खाली जाते. ५.५६ ची गोळी त्याच शून्यावर १०० यार्डांना उलट दीड-दोन इंच वर असते आणि २०० च्या आसपास पुन्हा रेषेवर येते. आखूड नळीची रायफल असेल तर वेग कमी, मग पायऱ्या तिथेही थोड्या चुकतात. ज्याला २०० यार्डांपलीकडे जायचेच नाही, त्याने साधे वर्तुळ आणि ठिपका घ्यावा. वाचायला कमी, चुकायला कमी.

दिव्याबद्दल कंपन्या जे लिहितात ते रात्रीचे खरे आणि दुपारचे थोडे कमी खरे. परवडणाऱ्या पट्ट्यात कडक उन्हात लाल खूण लख्ख दिसतेच असे नाही, पुष्कळदा ती काळीच दिसते. उजेडी मैदानावर काळी खूण काम करते, त्यामुळे हा दोष म्हणून मोजू नये. अडचण होते ती काळ्या डुकरावर, सावलीत. तिथे मध्यम उजेडही पुरतो. हालचाल झाली की आपोआप पेटणारा आणि थांबली की विझणारा दिवा असेल तर सीआर २०३२ ची साधी बटन-बॅटरी पुष्कळ दिवस जाते. संपली तरी खूण काचेवर आहेच, रेड डॉटवाल्याची तिथे पंचाईत होते.

पाण्याचे आकडेही नीट वाचावेत. आयपीएक्स-७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. आत नायट्रोजन भरलेला असेल तर थंडीतून उबदार गाडीत शिरल्यावर काचेच्या आतून धुके धरत नाही, बाहेरून धरते ते पुसता येते.

अमेरिकेतल्या मराठी मंडळींनी इथे क्षणभर थांबायला हवे. स्कोप हा तिथे बंदूक नाही, तो घ्यायला चौकशी होत नाही, पण ज्या बंदुकीवर तो चढणार तिचे तसे नाही. एच-वन-बी किंवा विद्यार्थी व्हिसावर आलेल्या माणसाला तिथल्या केंद्रीय कायद्याने बंदूक वा काडतुसे बाळगता येत नाहीत. वैध शिकार परवाना हातात असणे, असे मोजके अपवाद आहेत. ग्रीन कार्डवाल्यांना ही आडकाठी नाही, तरी राज्याराज्यांचे नियम निराळे. मित्राच्या रायफलवर ‘जरा हात मारून बघतो’ म्हणणाऱ्याने आधी वकिलाला विचारलेले बरे, कारण व्हिसा गोळी सुटल्यावरच नव्हे, बंदूक नुसती हातात धरल्यावरही जाऊ शकतो. दुसरी गोष्ट डिसेंबरच्या सुट्टीची. गावाकडच्या मामांच्या परवान्याच्या बंदुकीसाठी म्हणून स्कोप सुटकेसमध्ये टाकून आणण्याचा मोह होतो. बंदुकीच्या दुर्बिणी अमेरिकेच्या निर्यात-नियंत्रणाच्या यादीत आहेत, परवान्याविना बाहेर नेणे तिथे गुन्हा ठरू शकतो. मामांना घड्याळ आणावे.

आणि कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेचे २०२४ मधले पॅरिसचे ब्राँझ बघून ज्यांना रायफलीचा नाद लागला असेल, त्यांनी प्रिझमच्या वाटेला जाऊच नये. ऑलिंपिकच्या रायफल प्रकारांत दुर्बीण चालत नाही. पन्नास मीटरवरचा तो सगळा नेम मागच्या बारीक छिद्रातून आणि पुढच्या कड्यातून धरलेला असतो.

स्कोप घरी आल्यावरची चूक बहुधा माउंटाची, म्हणजे स्कोप रायफलवर बसवणाऱ्या ठोकळ्याची, असते. तीनशे डॉलरचा स्कोप आणि त्याखाली पंधरा डॉलरचा ठोकळा अशी जोडी सर्रास दिसते, आणि मग ‘शून्य टिकत नाही’ ही तक्रार. बऱ्याच प्रिझमबरोबर माउंट येतो, तोच वापरावा. सुटा घ्यायचा असेल तर स्कोपाच्या किमतीचा पाचवा हिस्सा त्यासाठी धरून ठेवावा. उंचीही बघावी. एआर जातीच्या रायफलवर स्कोपाचा मध्य नळीच्या मध्याहून साधारण अडीच इंच वर बसतो, म्हणून दहा यार्डांवर गोळी नेमाच्या दोनएक इंच खाली लागते. हा बिघाड नव्हे, भूमिती आहे.

बसवताना स्कोप रायफलवरच्या खाचांच्या रेलवर ठेवून नळीच्या तोंडाकडे ढकलावा, खालचा आडवा दांडा खाचेच्या पुढच्या भिंतीला टेकला पाहिजे. मग स्क्रू आवळावे, कंपनीने सांगितलेल्या जोरानेच. मनगटाचा अंदाज इथे नेहमी जास्त भरतो. आवळून झाल्यावर स्क्रूच्या डोक्यावरून माउंटावर येणारी नेलपेंटची एक बारीक रेघ ओढावी. पुढे कधी शंका आली तर ती रेघ तुटली का, एवढेच बघायचे.

पहिल्या दिवशी चांदमारीवर रायफल पिशवीवर टेकवून २५ यार्डांवर तीन गोळ्या, कागदावर आणून ठेवण्यापुरत्या. मग ५० यार्डांवर पुन्हा तीन. खुणा सरकवताना एका टिकटिकीला किती सरकते ते पुस्तिकेत असते. अर्ध्या एमओएची (कोनाच्या मिनिटाची) टिकटिक असेल तर १०० यार्डांवर अर्धा इंच, ५० वर पाव. म्हणजे ५० यार्डांवर गोळ्या दोन इंच डावीकडे असतील तर आठ टिकटिकी उजवीकडे. स्वस्त स्कोपात एक-दोन टिकटिकी उशिरा लागू पडतात, म्हणून फिरवल्यावर एखादी गोळी नुसतीच घालवावी आणि मग तिघींचा मधला ठाव बघावा. शून्य लागले की टोप्या घट्ट लावाव्यात, तारीख, काडतुसाचे नाव आणि अंतर दस्त्याच्या आतल्या बाजूला चिकटपट्टीवर लिहावे. चाळीस-पन्नास गोळ्यांनंतर परत ५० यार्डांवर तीन टाकाव्यात. नेलपेंटची रेघ शाबूत आणि तिघी पहिल्याच जागी पडल्या तर खोके माळ्यावर टाकायला हरकत नाही. तसे नसेल तर परतीच्या मुदतीत किती दिवस उरलेत, ते खोक्यावरच पेन्सिलीने लिहिलेले असावे.